काटक लाल कंधारी

बालमित्रांनो, पोळ्याला आपण बैलांच्या शिंगांना रंग देतो, झूल घालतो, पुरणपोळी चारतो. पण आपल्या गोठ्यातला बैल कोणत्या जातीचा, हे किती जणांना सांगता येईल?

आपल्या भागातली एक नामी जात म्हणजे लाल कंधारी. नांदेड जिल्ह्यातल्या कंधार तालुक्यावरून हे नाव पडले. नांदेड, लातूर, परभणी आणि आपला हिंगोली जिल्हा हा तिचा मुलूख.

ओळखायची कशी? अंग एकसारखे लाल. गाईपेक्षा वळूचा रंग गडद. कान लांब व लोंबते, कपाळ रुंद, डोळ्यांभोवती काळी कडा. बांधा मध्यम पण भरीव.

आता ती काटक का, ते पाहू. वैशाखात सिद्धेश्वरला ऊन कसे भाजते, ते तुम्हाला ठाऊकच आहे. देशी जनावराचे केस आखूड व चकचकीत असतात. कातडी सैल असते, गळ्याखाली पोळी लोंबते. त्यामुळे अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते. माशी बसली की कातडी थरथरवून ती उडवून लावते. गोठ्यात जाऊन नीट बघा, दिसेल! ज्वारीच्या कडब्यावरही हे जनावर तग धरते.

दूध मात्र बेताचे, दिवसाला साधारण दीड ते चार लिटर. म्हणून कुणी म्हणतात, "त्यापेक्षा जर्सी बरी." दूध विकायचे असेल आणि हिरवा चारा, पाणी भरपूर असेल, तर त्यांचेही खरे. पण जर्सीच्या संकरातून झालेल्या गोऱ्ह्याचे वशिंड लहान राहते. जू अडते ते वशिंडालाच! शिवाय उन्हात तो लवकर धापा टाकतो. मग वखर, तिफण कोण ओढणार? ज्यांना ट्रॅक्टर परवडत नाही, त्या घरची शेती बैलावरच चालते.

आणखी एक गोष्ट. गाय लाल कंधारी आणि वळू मिळेल तो, असे दोन-चार पिढ्या चालले, तर जात नावालाही उरणार नाही. एकदा गेलेली जात बाजारात विकत मिळत नाही.

तेव्हा मित्रांनो, आज घरी गेल्यावर आजोबांना विचारा, "आबा, आपली गाय कोणत्या जातीची?" लाल कंधारी असेल, तर तिला त्याच जातीचा वळू दाखवायचा हट्ट धरा. असा हट्ट केला म्हणून कुणी रागावणार नाही!