दोनशे किलोमीटरांचा हिशेब : पहिल्या ब्रेव्हेची पूर्वतयारी

१. विषयाचे स्वरूप

संघटित दीर्घ सायकलस्वारीचे जे अनेक प्रकार आज रूढ आहेत त्यांपैकी 'ब्रेव्हे' या एकाच प्रकाराचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. फ्रेंच भाषेतील या शब्दाचा अर्थ प्रमाणपत्र असा होतो. ठरवून दिलेले अंतर ठरवून दिलेल्या मुदतीत, बाहेरच्या मदतीवाचून, जो पूर्ण करील त्याला हे प्रमाणपत्र मिळते. यात पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक काढले जात नाहीत. पुणे, मुंबई, नाशिक इत्यादी ठिकाणी असे उपक्रम होत असतात, आणि विद्यापीठातील विद्यार्थी व अध्यापकही त्यांत उतरू लागले आहेत. त्यांतील पुष्कळांची समजूत अशी असते की, दोनशे किलोमीटर जाणे हा मुख्यतः जिद्दीचा प्रश्न आहे. ही समजूत अपुरी आहे. जिद्द हवीच, परंतु पहिल्या ब्रेव्हेचे यशापयश वेळ, इंधन आणि पाणी या तिहींच्या हिशेबावर अधिक अवलंबून असते, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. नियमांची पूर्वपीठिका

या परंपरेचे मूळ १८९१ सालच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या सुमारे १,२०० किलोमीटरांच्या शर्यतीत सापडते. 'ल पेती जुर्नाल' या वृत्तपत्राचे संपादक पिएर जिफार यांनी ती योजिली, आणि शार्ल तेराँ याने सुमारे ७१ तासांत ती जिंकली. पुढे १९०४ साली ऑडॅक्स क्लब पॅरिसियँ ही संस्था निघाली. प्रारंभी सर्व स्वारांनी गटाने, नायकाच्या मागोमाग, एकाच गतीने जावयाचे असे. १९२१ पासून प्रत्येकाने आपापल्या गतीने जाण्याची पद्धत या संस्थेने सुरू केली. आजचा ब्रेव्हे हा त्या पद्धतीचा वारस होय. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस आता शर्यत राहिलेली नाही. ती दर चार वर्षांनी होते, आणि तीत भाग घेण्यासाठी २००, ३००, ४०० व ६०० किलोमीटरांचे ब्रेव्हे त्याच वर्षी पूर्ण केलेले असावे लागतात.

पहिली पायरी अर्थात २०० किलोमीटरांची. तिची मुदत १३ तास ३० मिनिटे आहे. वाटेत तपासणी-नाकी असतात व तीही ठराविक वेळी बंद होतात. हा हिशेब ताशी १५ किलोमीटरांचा असल्याने शंभराव्या किलोमीटरचे नाके ६ तास ४० मिनिटांनी आणि दीडशेव्याचे १० तासांनी बंद होते. ताशी १५ किलोमीटर हा वेग कोणाही निरोगी सायकलस्वाराच्या आवाक्यातला आहे. मग माणसे अपयशी का होतात?

३. एक उदाहरण

प्रस्तुत लेखकाचा पहिला प्रयत्न फसला, आणि त्याची टिपणवही आजही हाताशी आहे. पहिले शंभर किलोमीटर चार तासांत झाले, म्हणजे वेग ताशी २५. सोबतचे स्वार जोमाचे होते व त्यांच्या मागे राहणे कमीपणाचे वाटले. उरलेल्या शंभरास सहा तास लागले. सायकल प्रत्यक्ष चालली ती एकूण दहा तास, म्हणजे सरासरी ताशी २० किलोमीटर. मुदतीच्या दृष्टीने ही गती पुरेशी होती. परंतु थांबण्यात चार तास पाच मिनिटे गेली आणि शेवटच्या नाक्यावर पोहोचलो तेव्हा मुदत संपून ३५ मिनिटे झाली होती. यांतील बहुतेक थांबे दुपारनंतरचे होते, आणि ते विश्रांतीसाठी घेतलेले नसून पाय चालेनात म्हणून घ्यावे लागलेले होते. सकाळी जो एक तास 'कमावला' असे वाटले, त्याची परतफेड दुपारी व्याजासकट करावी लागली.

४. वेगाची किंमत

हे व्याज कोठून येते? सपाट रस्त्यावर स्वाराला दोन विरोधांवर मात करावी लागते : चाकांचा घर्षणविरोध आणि हवेचा विरोध. पहिला वेगाने फारसा बदलत नाही. दुसरा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. स्वार व सायकल मिळून ८५ किलोग्रॅम वजन आणि वारा पडलेला, असे धरून स्थूल गणित केल्यास ताशी २० किलोमीटरला सुमारे ७० वॅट, २५ ला सुमारे ११५ वॅट आणि ३० ला सुमारे १८० वॅट शक्ती लागते. म्हणजे वेग दीडपट होतो तेव्हा शक्ती अडीचपटीहून अधिक लागते.

चढावर हिशेब बदलतो. तेथे हवेऐवजी गुरुत्वाकर्षण प्रमुख होते. शेकडा सहाच्या चढावर ताशी ८ किलोमीटर गतीनेच सुमारे १२५ वॅट खर्च होतात. पुढे ३४ व मागे ३२ दाते असतील तर या गतीला पॅडलाचे मिनिटाला सुमारे ६० फेरे होतात. साध्या सायकलीला पुढे ४४ व मागे १८ दाते असल्यास फेरे २६ च्या आसपास येतात, आणि प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर येणारा भार त्याच प्रमाणात वाढतो. घाटाच्या मार्गावर हलका गिअर ही चैन नसून गुडघ्यांचे रक्षण आहे.

५. इंधनाचा साठा

मानवी स्नायूंची कार्यक्षमता शेकडा २० ते २५ एवढीच असते. उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जाते. त्यामुळे दहा तास ७० वॅट आणि काही चढ मिळून दिवसाचा खर्च ३,००० ते ३,५०० किलोकॅलरींच्या घरात जातो. याउलट स्नायू व यकृत यांत साठलेले ग्लायकोजन साधारणतः ५०० ग्रॅम, म्हणजे सुमारे २,००० किलोकॅलरी असते. चरबीचा साठा मात्र या प्रवासाच्या मानाने अमर्याद आहे.

येथेच घाईचे खरे नुकसान ध्यानात येते. मंद श्रमात शरीर चरबीचा वाटा मोठा ठेवते. श्रमाची तीव्रता वाढली की ग्लायकोजनचा वाटा झपाट्याने वाढतो. वरील उदाहरणात, सपाट रस्ता गृहीत धरला तर, एकूण यांत्रिक कार्य समगतीच्या मानाने शेकडा सातच जास्त भरते. परंतु ते दुर्मिळ इंधनातून केले गेले. दुपारी पाय थांबले ते या कारणाने.

ग्लायकोजनचे महत्त्व स्वीडनमधील बर्गस्ट्रोम व हुल्टमन यांनी १९६६ साली एका नमुनेदार प्रयोगाने सिद्ध केले. दोघांनी एकाच सायकलयंत्रावर एकेक पाय चालवून त्या पायातील ग्लायकोजन संपविले. दुसरा पाय स्वस्थ ठेवला. नंतर तीन दिवस पिष्टमय आहार घेतला असता श्रमलेल्या पायातील साठा स्वस्थ पायाच्या सुमारे दुप्पट झाला. साठा वाढविण्याची ही क्षमता श्रमलेल्या स्नायूपुरतीच मर्यादित असते, असे त्यावरून दिसून आले. म्हणून ब्रेव्हेपूर्वीचे दोन-तीन दिवस श्रम कमी करून भात, पोळी, बटाटा, साबुदाणा यांचे प्रमाण वाढवावे.

प्रत्यक्ष स्वारीत दर तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदके घेणे इष्ट. दोन मध्यम केळ्यांतून सुमारे ५० ग्रॅम मिळतात. राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, गूळपोळी हीही सोयीची. भूक लागण्याची वाट पाहू नये. पहिल्या तासापासूनच थोडे थोडे खात जावे. तेलकट जेवण भरपेट घेणे आणि सरावात कधी न खाल्लेला पदार्थ त्या दिवशी प्रथम खाणे, या दोन्ही गोष्टी टाळाव्यात.

६. पाणी व मीठ

घामाचे प्रमाण व्यक्ती व ऋतू यांनुसार तासाला अर्ध्या लिटरपासून दीड लिटरपर्यंत बदलते. ते मोजण्याची रीत सोपी आहे : तासभराच्या सरावापूर्वी व नंतर वजन करावे, मधल्या पिण्याचा हिशेब मिळवावा; एक किलोग्रॅम घट म्हणजे एक लिटर घाम. मात्र जितके प्यावे तितके चांगले, ही समजूत धोक्याची आहे. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावकांच्या रक्ताच्या तपासणीत शेकडा १३ जणांच्या रक्तातील सोडियम प्रमाणाबाहेर उतरलेले आढळले, आणि त्याचा संबंध धावताना वजन वाढण्याशी, म्हणजे अतिरिक्त पिण्याशी, दिसून आला. तहानेला अनुसरून प्यावे, खाण्यात मीठ असू द्यावे आणि उन्हाच्या दिवशी जलसंजीवनीची एखादी पुडी जवळ ठेवावी.

७. सराव

सहनशक्ती ही केवळ मनाची वृत्ती नाही. तिला पेशींचा आधार असतो. १९६७ साली जॉन हॉलोझी यांनी उंदरांना काही आठवडे धावविल्यावर त्यांच्या स्नायूंतील श्वसनविकरांची क्रियाशीलता सुमारे दुप्पट झाल्याचे दाखविले. असा बदल घडण्यास आठवडे लागतात. शेवटच्या पंधरवड्यातील अतिरेकाने तो घडत नाही. तासभर सहज सायकल चालविणाऱ्याने बारा आठवडे हाती ठेवावेत. आठवड्यातून दोनदा एक-दीड तासाची आणि एकदा लांबची स्वारी असावी. लांबची स्वारी ४० किलोमीटरांपासून आरंभून क्रमाने १३० ते १५० पर्यंत न्यावी, दर चौथ्या आठवड्यात अंतर कमी करावे. सर्वांत लांब स्वारी ब्रेव्हेच्या दोन-तीन आठवडे आधी संपवावी. गती अशी असावी की सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे.

या स्वाऱ्यांचा दुसरा उपयोग परीक्षणाचा. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट उंच असावी. करंगळी व अनामिका बधिर होत असतील तर तळहातातील मज्जातंतूवर हॅण्डलाचा दाब पडतो आहे असे समजावे. दोन तासांत किरकोळ वाटणारी कुरकुर दहाव्या तासाला असह्य होते.

८. स्वावलंबन व थांब्यांची शिस्त

नियमानुसार नाक्यांखेरीज अन्यत्र सोबतच्या वाहनाची मदत घेता येत नाही. म्हणून दोन ट्यूब, टायर उतरविण्याच्या पट्ट्या, पंप आणि पाने जवळ असावेत. आणि ट्यूब बदलण्याचे काम घरी, एकदा तरी अंधारात, करून पाहिलेले असावे. थंडीत सूर्य लवकर मावळतो. पुढचा व मागचा दिवा आणि प्रकाश परावर्तित करणारे जाकीट यांबाबत तडजोड नको. महामार्गावर ज्याला आपण दिसत नाही त्याच्यापुढे आपली तंदुरुस्ती निरुपयोगी आहे.

ताशी २० किलोमीटर गतीने जाणाऱ्यास थांबण्यासाठी साडेतीन तास उरतात. त्यांतील एक तास अनपेक्षित अडचणींसाठी राखून उरलेल्या अडीच तासांची वाटणी आधीच कागदावर करावी : कोठे दहा मिनिटे, कोठे चाळीस. नाक्यावर उतरताना काय करावयाचे ते ठरलेले असावे. प्रथम शिक्का, मग पाणी, मग खाणे.

९. समारोप

दुसऱ्या प्रयत्नात प्रस्तुत लेखकाने पहिले शंभर किलोमीटर पाच तासांत केले. सकाळी बहुतेक सर्व स्वार पुढे निघून गेले, आणि ते पाहत राहणे हाच त्या दिवसाचा सर्वांत कठीण भाग होता. दुपारी त्यांतील काहीजण झाडाखाली बसलेले भेटले. प्रमाणपत्र मिळाले तेव्हा मुदतीस पन्नास मिनिटे शिल्लक होती, आणि पायांत अजून बळ होते.

ज्याला आपल्या शक्तीचे मोजमाप माहीत आहे त्याला जिद्द शेवटच्या तासासाठी राखून ठेवता येते. ज्याला ते माहीत नाही तो ती पहिल्याच तासात खर्चून बसतो. प्रथमच या मार्गाला लागणाऱ्याने सायकलीच्या आधी वही उघडावी, एवढीच या लेखाची शिफारस आहे.