पहिली रात्र गावाची

कोकणचा किनारा नकाशावर सलग दिसतो, पावसाळ्यात तो सलग राहत नाही. खाड्यांनी त्याचे तुकडे पाडले आहेत आणि प्रत्येक तुकड्यावरच्या गावाला सड्यावरून खाली उतरणारा बहुधा एकच रस्ता आहे. जांभ्याची कड कापून, एका अंगाला उभी माती आणि दुसऱ्या अंगाला माडा-पोफळींची दरी ठेवून तो वळणे घेत बंदरापर्यंत जातो. एकेकाळी या गावांचा खरा रस्ता समुद्र होता. आगबोटी पावसाळ्यात बंद असत, म्हणून घरोघर चार महिन्यांची बेगमी भरलेली असे. आगबोटी गेल्या, बेगमीही गेली आणि औषधापासून गॅसच्या टाकीपर्यंत सगळा भरवसा त्या एका डांबरी पट्ट्यावर आला. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. होड्या झापांखाली शाकारून ठेवलेल्या असतात. म्हणजे जमिनीची वाट ज्या महिन्यांत तुटण्याचा धोका सर्वांत जास्त, नेमक्या त्याच महिन्यांत पाण्याची वाटही मिटलेली असते. अशा ठिकाणी दरड कोसळून रस्ता बंद झाला की पहिली रात्र गावाला एकट्यानेच काढावी लागते. ही वस्तुस्थिती आपण वर्षानुवर्षे पाहतो, हळहळतो आणि तिच्यावरून कोणतीही व्यवस्था उभी करत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की जी जबाबदारी गावावर प्रत्यक्षात पडतेच, ती पेलण्याची साधने, शिक्षण, अधिकार आणि पैसा गावाकडे आधीच असला पाहिजे.

२२ जुलै २०२१ हा दिवस या मुद्द्याचा सर्वांत कठोर पुरावा आहे. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस पडला. सावित्रीला पूर येऊन महाड बुडाले, वाशिष्ठीला पूर येऊन चिपळूण बुडाले. महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर आणि खेड तालुक्यांतल्या वाड्यांवरही दरडी आल्या. तळियेला बाहेरची मोठी पथके पोचली ती दुसऱ्या दिवशी. कारण महाडमध्ये पाणी होते, वाटेवर दरडी होत्या, फोन लागत नव्हते. मधल्या काळात चिखलात हात घालणारी माणसे वाचलेली होती किंवा शेजारच्या वाड्यांतली होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी पुण्याजवळ सुदुंबरे येथे असते. तिथून कोकणात उतरायचे तर ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी किंवा कुंभार्ली यांपैकी एखादा घाट उतरायचा. आंबेनळी घाट तर त्या पावसात जागोजागी खचला आणि बंद पडला. मदत ज्या वाटेने यायची तीच वाट तुटलेली असते, हा कोणाच्या हलगर्जीचा दोष नाही. हा भूगोल आहे, आणि नियोजनाने भूगोलाशी भांडून उपयोग नसतो.

यावर सांगितले जाते की आता पावसाळ्यापूर्वीच महाड, चिपळूण अशा ठिकाणी पथके आणून ठेवतात. हे चांगले आहे आणि ते चालूच राहिले पाहिजे. पण २०२१ मध्ये पाण्यात गेलेली गावे नेमकी हीच होती, हे विसरून कसे चालेल? तालुक्याच्या गावी बसलेले पथक पुराने वेढले गेले तर पंधरा-वीस किलोमीटरवरची वाडी त्याच्यासाठी दुसऱ्या जिल्ह्याइतकीच दूर होते. शिवाय एकाच रात्री चार तालुक्यांत दरडी येतात, तेव्हा पथक आधी मोठ्या मृत्यूच्या ठिकाणी जाणार, आणि जायलाच हवे. ज्या गावात माणूस दगावलेला नाही, पण रस्ता बंद आहे, एक बाई अडली आहे आणि एका म्हाताऱ्याचे डायलिसिस चुकते आहे, त्या गावाची पाळी शेवटी येते. बातम्यांत न येणारी अशीच गावे जास्त असतात.

रस्ता मोकळा करणे म्हणजे माती उपसणे, असा एक समज आहे आणि तो जिवावर बेतू शकतो. जांभा सच्छिद्र असतो. पाणी त्यातून खाली झिरपते आणि त्याखालच्या चिकण मातीच्या थरावर अडते. तो थर ओला होऊन बुळबुळीत झाला की वरचा भार त्यावरून घसरतो. रस्त्यासाठी डोंगर कापला की हा थर उघडा पडतो आणि उताराचा पायाच नाहीसा होतो. कोसळलेला ढिगारा रस्त्यावर येऊन पडतो, तेव्हा तो वाट अडवत असतोच, पण पुष्कळदा वरच्या अर्धवट सुटलेल्या मातीला टेकूही देत असतो. घाईने पोकलेन लावून तळाची माती ओढली की टेकू जातो आणि दुसरी दरड येते. म्हणून जाणती माणसे फावड्याला हात घालण्याआधी वर बघतात. कड्याच्या माथ्याशी नवी भेग दिसते का, विजेचा खांब किंवा आंब्याचे झाड कलले आहे का, नेहमीचा झरा एकदम गढूळ झाला आहे का, किंवा त्याहून वाईट म्हणजे अचानक आटला आहे का, हे पाहतात. झरा आटला याचा अर्थ पाणी डोंगराच्या पोटात साठते आहे. असे दिसले तर काम थांबवून खालची घरे रिकामी करायची, रस्ता गेला तरी चालेल.

काम सुरू करता येईल अशी खात्री झाली, तर पहिला घाव ढिगाऱ्यावर पडत नाही, तो पाण्यासाठी पडतो. वरून येणारा ओहोळ एका बाजूला वळवायचा, रस्त्याकडेचे तुंबलेले गटार फोडायचे. पाणी वाहते झाले नाही तर लाल चिखल जेवढा काढावा तेवढा परत येतो. मग आडवी झाडे कापायची आणि कडेने, एका टोकाकडून, आजारी माणसाची डोली किंवा फार तर एक मोटारसायकल जाईल इतकी वाट करायची. सगळा रस्ता उघडण्याचा हट्ट पहिल्या रात्री धरायचा नसतो. काम करणाऱ्यांपासून दूर, डोंगराचा माथा दिसेल अशा जागी शिट्टी घेऊन एक माणूस उभा हवा आणि त्याने दुसरे काहीही करायचे नाही. तार तुटून पडली असेल तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणी पुढे जायचे नाही. दोन्ही बाजूंनी येणारी वाहने बऱ्याच अलीकडे, वळणाच्या आधी थांबवायची. या साऱ्याला लागते काय? झाड कापायचे यंत्र आणि त्याचे पेट्रोल, दोर, पहारी, घमेली, हेल्मेटे, विजेऱ्या, शिट्ट्या, एक स्ट्रेचर, आणि फोन बंद पडल्यावर चालेल असा एखादा वायरलेस संच. यांतली बरीच अवजारे कोकणातल्या वाडीत विखुरलेली असतातच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडचे गावागावांतले रस्ते मोकळे करण्यात गावकऱ्यांच्याच कोयत्या-करवतींचा मोठा वाटा होता. नसते ते एका जागी ठेवलेले साहित्य, ठरलेली माणसे आणि निर्णय कोणी घ्यायचा याचे उत्तर.

माणसाच्या डोळ्यांवर भरवसा ठेवणे जुनाट वाटत असेल, तर याच डोंगरांतून जाणाऱ्या कोकण रेल्वेकडे पाहावे. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडमातीने गाडी घसरली आणि पन्नासच्या वर प्रवासी मेले. पुढच्याच वर्षी, १६ जूनला, महाडजवळ करंजाडीला मत्स्यगंधा एक्स्प्रेसचा अपघात झाला. त्यानंतर रेल्वेने जाळ्या बसवल्या, भिंती बांधल्या, उतार कमी केले. त्याबरोबर आणखी एक गोष्ट केली. पावसाळ्यासाठी वेगळे, कमी वेगाचे वेळापत्रक ठेवले आणि धोक्याच्या जागी चोवीस तास पहारेकरी नेमले. हातात दिवा घेऊन रुळांवरून चालणारा माणूस आजही त्या मार्गाच्या सुरक्षेचा आधार आहे. एवढे करूनही १४ जुलै २०२४ ला खेडजवळ दिवाणखवटीच्या बोगद्यापाशी दरड आली आणि वाहतूक सुमारे दिवसभर बंद राहिली, पण गाडी ढिगाऱ्यावर गेली नाही. यातून मला दोन गोष्टी दिसतात. उताराची कितीही बांधबंदिस्ती केली तरी दरडी पूर्ण थांबत नाहीत, आणि त्या थांबत नाहीत म्हणूनच जागेवरचा माणूस लागतो. रस्त्यांवरही पूर्वी असा माणूस होता. सार्वजनिक बांधकाम खात्याचा मैलकुली आपल्या वाट्याच्या रस्त्यावरची मोरी न् मोरी ओळखत असे. त्याची जागा ठेकेदाराच्या यंत्राने घेतली. यंत्र माती जास्त उचलते, पण ते पावसाच्या रात्री झरा गढूळ झाल्याचे सांगायला येत नाही.

या मांडणीवर सर्वांत वजनदार आक्षेप असा की सरकारचे काम गावाच्या गळ्यात मारले जात आहे. आक्षेपामागची भीती खरी आहे. ‘लोकसहभाग’ हा शब्द वापरून खात्यांनी अंग काढून घेतल्याची उदाहरणे थोडी नाहीत. पण आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ४१ नुसार स्थानिक संस्थांनी आपली माणसे प्रशिक्षित ठेवायची आणि साधने वापरण्याजोगी ठेवायची, हे बंधन आजही आहे. कलम ६५ नुसार गरजेच्या वेळी खासगी वाहने आणि यंत्रे ताब्यात घेता येतात आणि कलम ६६ नुसार त्यांचा मोबदला द्यावा लागतो. जबाबदारी कायद्याने दिलेली आहे. तिच्यामागचा पैसा आणि अधिकार मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी अडतो. पंचक्रोशीत ज्याचा जेसीबी आहे तो मालक रात्री यंत्र काढायला कचरतो. डिझेल कोण देणार आणि यंत्र ढिगाऱ्यात अडकले तर भरपाई कोण करणार, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. मे महिन्यातच त्याच्याशी दर ठरवून लेखी करार केला आणि रात्री यंत्र बोलावण्याचा अधिकार सरपंच किंवा पोलीस पाटलाला दिला, तर हा प्रश्न कागदाच्या एका पानात सुटतो. ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकांना बारा दिवसांचे शिक्षण, साहित्याचा संच आणि विमा मिळतो. विमा यातला सर्वांत महत्त्वाचा भाग, कारण दुसऱ्याच्या जिवासाठी ढिगाऱ्यावर चढणाऱ्याचे घर उघड्यावर पडता कामा नये. ही योजना निवडक माणसांपुरती न राहता दरडीच्या छायेतल्या प्रत्येक वाडीत पोचली पाहिजे.

दुसरा आक्षेप कोकणी माणूसच घेईल: गावात आहे कोण? तरणी पोरे मुंबई-पुण्याला, घरी म्हातारे आईबाप. हे नाकारता येत नाही. म्हणूनच एका वाडीचे पथक न करता खाडीच्या एका तुकड्यावरच्या चार-पाच गावांचे मिळून करावे. शिट्टी घेऊन उभे राहणे, पावसाची नोंद ठेवणे, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे आणि कोणाची औषधे किती दिवसांची उरली आहेत याची यादी करणे, ही कामे साठीतला माणूस विशीतल्या पोरापेक्षा नीट करील. बचतगटांच्या बायकांना घरन् घर माहीत असते. ही माहिती जिल्ह्याच्या कुठल्याही आराखड्यात सापडणार नाही. दोराचे आणि चढणीचे काम करणारी माणसेही सह्याद्रीत आहेत. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली, तेव्हा खोल दरीत उतरून मृतदेह वर आणणाऱ्यांत महाबळेश्वर-पोलादपूरकडचे गिर्यारोहक आणि गावकरी होते. इर्शाळवाडीला १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. तिथे वाहनाचा रस्ताच नव्हता, यंत्रे वर नेता आली नाहीत आणि हातांनीच खणावे लागले. अशा माणसांची नावे, फोन आणि पोचायला लागणारा वेळ गावच्या यादीत आधीच लिहिलेला असावा.

धोक्याच्या वाड्यांचे पुनर्वसन हा खरा उपाय आहे आणि त्याचा आग्रह सोडता कामा नये. पण पुनर्वसनाला वर्षे लागतात आणि पाऊस दरवर्षी जूनमध्ये येतो. १ मेला महाराष्ट्रदिनाची ग्रामसभा असते आणि त्याच सुमारास चाकरमानी आंबे-फणसासाठी गावी असतात. सभामंडपासाठी वर्गणी काढणाऱ्या मुंबईच्या मंडळांनी यंदा त्या सभेत चार गोष्टी मांडाव्यात: साहित्याची एक खोली, पथकाची नावे, जेसीबीचा करार आणि पथकाचा विमा. ठराव लिहून घ्यावा, त्यावर सह्या घ्याव्यात आणि मृगाआधी ती खोली उघडून आतले सामान मोजून पाहावे.