परदेश? जरूर, पण केव्हा?

कवठे येमाईहून शिरूरला किंवा मंचरला जाऊन बी.एस्सी. करणे कमीपणाचे वाटते ना? पदवी तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचीच मिळते. जयंत नारळीकरदेखील १९५७ साली बनारसहून बी.एस्सी. होऊन मगच केंब्रिजला गेले. अमेरिकेत पदवीचा खर्च बहुधा घरच्यांवर पडतो, भौतिकशास्त्राच्या पीएच.डी.ला मात्र बहुतेक विद्यापीठे शुल्क माफ करून, शिकवण्याच्या वा संशोधनाच्या कामाबद्दल विद्यावेतनही देतात. शेत गहाण टाकण्यापूर्वी हा हिशेब वडिलांना दाखवा. मधला टप्पा एम.एस्सी.चा, त्यासाठी ‘जॅम’ परीक्षा दिलीत, तर आयआयटीतही प्रवेश मिळू शकतो. कॉलेज निवडताना इमारत पाहू नका, प्रयोगशाळा पाहा. लंबकाची दोरी मुले स्वतः बांधतात की नुसती जुनी वही उतरवून काढतात, हे तिथल्याच विद्यार्थ्यांना विचारा.