दिवसा रंधा, रात्री पेन्सिल



तुम्ही आता ज्या खोलीत बसला आहात, तिच्याकडे एकदा नीट पाहा. खिडकी कोणत्या बाजूला आहे? उजेड वहीवर पडतो की पाठीवर? दार उघडले की ते बाकाला लागते का? असे प्रश्न विचारणे आणि त्यांची उत्तरे कागदावर मांडणे, हासुद्धा एक व्यवसाय आहे. त्याला अंतर्गत सजावट किंवा इंटिरिअर डिझाइन म्हणतात. पुष्कळांना वाटते की, सजावट म्हणजे पडदे आणि रंग. पण या कामात आधी सोय पाहावी लागते, मग शोभा.

हा व्यवसाय काम करता करता शिकता येतो का? एक खरी हकिकत सांगतो.

माझा एक विद्यार्थी दहावी पास झाला, त्याच वर्षी त्याचे वडील अंथरुणाला खिळले. भावंडांत तोच थोरला. कॉलेजचा विचार सोडून तो भवानी पेठेत, टिंबर मार्केटजवळ, एका मिस्त्रींच्या हाताखाली लागला. रंधा, पटाशी, करवत ही हत्यारे त्याच्या हातात बसली. ओळंबा, ज्याला आपण उर्दूत साहुल म्हणतो, तो धरून भिंत सरळ आहे की नाही, हेही त्याला कळू लागले.

एकदा त्याने कोंढव्यातील एका घरात कपाट बसवले. कपाट छान झाले होते. पण पलंग आत आणला आणि कपाटाचे दार अर्धेच उघडू लागले! कपाट पुन्हा करावे लागले. प्लायवूड वाया गेले आणि त्याची तीन दिवसांची मजुरीही गेली. तो मला म्हणाला, "सर, ही चूक कागदावर व्हायला हवी होती. ती लाकडात झाली."

त्याने अगदी नेमके सांगितले. कागदावरची चूक रबराने पुसता येते, लाकडातली पुसता येत नाही. म्हणून आधी नकाशा काढतात. समजा, खोली ३ मीटर रुंद आणि ४ मीटर लांब आहे. १:५० या प्रमाणात ती कागदावर ६ सेंटिमीटर रुंद आणि ८ सेंटिमीटर लांब होते. त्याच प्रमाणात पलंग आणि कपाट काढले, तर दार कुठे अडेल ते लगेच दिसते.

यात गणितही आहे. प्लायवूडचा मोठा तक्ता ८ फूट लांब आणि ४ फूट, म्हणजे ४८ इंच, रुंद असतो. फळी १८ इंच रुंद ठेवली, तर एका तक्त्यातून दोनच पट्ट्या निघतात आणि १२ इंचांचा तुकडा उरतो. तीच फळी १६ इंचांहून किंचित कमी ठेवली, तर तीन पट्ट्या निघतात. किंचित कमी अशासाठी की, करवतही थोडे लाकूड खाते. गिऱ्हाइकाचे पैसे असे पेन्सिलीने वाचतात.

त्या मुलाने संध्याकाळच्या आरेखनाच्या वर्गात नाव घातले. दिवसभर काम करून तो वर्गात पेंगत असे. एकदा तो नापासही झाला. पण सहा वर्षांत त्याने आरेखन आणि मग सजावटीची पदविका पूर्ण केली. आज तो स्वतः नकाशे काढतो आणि लहान घरांची कामे घेतो. वर्गातील इतर मुलांना नकाशा येत होता, पण बिजागरी कुठे बसते ते ठाऊक नव्हते. याला दोन्ही येत होते.

जपानमधील तादाओ आंदो यांचे उदाहरणही पाहा. त्यांचा जन्म १९४१ साली ओसाका येथे झाला. तरुणपणी ते मुष्टियुद्ध खेळत. विद्यापीठात जाणे त्यांना जमले नाही. त्यांनी रात्रीच्या वर्गात रेखाटन शिकले आणि अंतर्गत सजावटीचा अभ्यास टपालाने केला. चंदीगडची रचना करणारे ल कॉर्ब्युझिए यांचे पुस्तक त्यांना जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाले. त्यातील नकाशे ते पुन्हा पुन्हा गिरवत. १९६९ साली त्यांनी स्वतःचे कार्यालय काढले आणि १९९५ साली त्यांना वास्तुकलेचा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. आपल्या अप्पा बळवंत चौकातही जुनी पुस्तके मिळतात, हे लक्षात ठेवा.

"कमवा आणि शिका" हा विचार आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी तो रुजवला. आज तुमच्यासाठी वाटा पुष्कळ आहेत. शाळेत असतानाच चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसा. आयटीआयमध्ये सुतारकाम आणि आरेखन शिकता येते. पुण्यात औंधला शासकीय आयटीआय आहे. नोकरी करणाऱ्यांसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. १९७२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय कोणाला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. सजावटकाराला मात्र तशी सक्ती नाही. म्हणून कारागिरालाही या व्यवसायात शिरता येते. पण फी भरण्यापूर्वी एक विचारा : या अभ्यासक्रमाला मान्यता कोणाची आहे?

मुलींनो, हे तुमच्यासाठीही आहे. घरात कोणती वस्तू हाताशी हवी, हे तुम्हाला चांगले कळते.

आज घरी गेल्यावर मोजपट्टी घ्या आणि आपल्या स्वयंपाकघराचा नकाशा काढा. मग आईला विचारा, "अम्मी, यात काय बदलू?" तिचे उत्तर हाच तुमचा पहिला धडा.

स्वाध्याय
१. मुलाची मजुरी का गेली?
२. ५ मीटर लांबीची भिंत १:५० प्रमाणात किती सेंटिमीटर होईल?
३. "ही चूक कागदावर व्हायला हवी होती," याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.