विजेवरची स्कूटर घेताना



विजेवरच्या दुचाक्या आता आपल्याकडंही दिसू लागल्या आहेत. पेट्रोल नाही, धूर नाही. सकाळी पाटाच्या कडेनं निघालं की फक्त चाकांचा आवाज. मजा आहे खरी. पण "हिला लायसन नको, पासिंग नको" असं विकणारा सांगतो, ते प्रत्येक गाडीला लागू नाही.

मोटारीची ताकद २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, अशी मंजुरी असलेल्या गाडीलाच ही सवलत आहे. त्यापुढं गेली की ती मोटारवाहन ठरते. मग लायसन, नोंदणी, हिरवी नंबरप्लेट, विमा, हेल्मेट सगळं आलं. नंतर वेग वाढवून घेतला तरी सवलत गेली. अशा बिनविम्याच्या गाडीनं कुणाला इजा झाली, तर भरपाई मालकाच्या खिशातून. वर्षाचं ऊसबिल त्यात जायचं.

२०२२ साली देशात काही ठिकाणी अशा गाड्यांनी पेट घेतला. त्यानंतर बॅटरीच्या चाचण्या कडक झाल्या. तरी कंपनीचाच चार्जर आणि अर्थिंगचा प्लग वापरावा. पाचट, वैरणीजवळ चार्जिंग नको.

गाडीला आवाज नसल्यानं ऊसगाडीच्या बैलांना मागून चाहूल लागत नाही. लांबूनच हॉर्न द्यावा, बैल बुजणार नाहीत.

तरी सभासदांनी आधी कागद पाहावेत, मगच पैसे मोजावेत.