बारच्या दारावरचे ५१ टक्के
टेक्सासमध्ये नव्याने स्थायिक होणाऱ्या परदेशस्थांना काही बारच्या दारावर लाल रंगात ‘५१%’ असा ठळक आकडा दिसतो. ज्या आस्थापनेचे किमान ५१ टक्के उत्पन्न तिथेच प्यायल्या जाणाऱ्या मद्याच्या विक्रीतून येते, तिथे हँडगन, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसारखे छोटे अग्निशस्त्र, नेणे गुन्हा ठरतो आणि २०२१मध्ये परवान्याविना शस्त्र बाळगण्याची मुभा मिळाल्यावरही ही बंदी टिकली. मद्यविक्रीचा वाटा कमी असलेल्या रेस्टॉरंटला हा नियम लागू नाही, ही त्यातली खरी मेख. शिवाय त्रास देणाऱ्या ग्राहकाला बारबाहेर काढल्याने धोका टळतोच असे नाही: २२ फेब्रुवारी २०१७ रोजी कॅन्सस राज्यातील ओलेथा येथे बारमधून घालवलेला इसम बंदूक घेऊन परतला आणि त्याच्या गोळीबारात एक भारतीय अभियंता मारला गेला. जपानमध्ये १९५८च्या कायद्यामुळे सामान्य नागरिकांस हँडगन जवळजवळ वर्ज्यच असल्याने बारला अशी पाटी लावावी लागत नाही.