ओरखड्यांतून तरंगणारं अक्षर

दोस्तांनो, डेनिस गॅबर यांना १९४७ मध्ये होलोग्राम सुचला आणि त्यासाठी १९७१ मध्ये नोबेल मिळालं. खरा होलोग्राम बनवायला सहसा लेझर लागतो. पण त्याचं एक धाकटं भावंड तुमच्या कंपासपेटीत दडलंय!

जुन्या सीडीच्या डबीचं पारदर्शक झाकण घ्या. कागदावर ठिपक्यांनी तुमच्या नावाचं पहिलं अक्षर काढून तो झाकणाच्या वरच्या भागावर चिकटवा. कर्कटकाचं एक टोक ठिपक्यावर टेकवा, दुसऱ्याने खालच्या भागात हलका, कमानीसारखा ओरखडा काढा. सगळ्या ठिपक्यांना अंतर तेच हं! टोकं अणकुचीदार, तेव्हा आईबाबांना जवळ बसवा. शेवटी झाकणाखाली काळा कागद ठेवा.

ट्यूबलाइटखाली नुसते ओरखडेच दिसतील. बिघडलं म्हणून टाकू नका! ट्यूब लांब, त्यामुळे चमक पसरते. अंधार करून समोरून, जरा उंचावरून एकच टॉर्च धरा आणि झाकण हळूहळू कलतं करा. प्रत्येक ओरखड्यावर एक ठिपका चमकेल. दोन डोळ्यांना तो वेगवेगळ्या जागी दिसतो, म्हणून मेंदूला अक्षर तरंगतंय असं वाटतं. कर्कटक जास्त उघडून पाहा, ते आणखी दूर जाईल. उन्हातही जमतं, पण सूर्याकडे किंवा त्याच्या प्रतिबिंबाकडे मुळीच पाहू नका.

मग, आज कुणाचं अक्षर तरंगणार?